गस्त, राखण आणि संशय

१. गस्त चालू असताना घरफोडी होते कशी?

साताऱ्याच्या एखाद्या नव्या वसाहतीत, विट्याजवळच्या गावात किंवा माण तालुक्यातल्या वस्तीवर घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास एक प्रश्न विचारला जातो: पोलिसांची गाडी रोज रात्री फिरते, मग चोरांना ती दिसत नाही की चोर तिला दिसत नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्यामागे पोलिसांविषयीची नाराजी असली, तरी त्याचे उत्तर शोधताना आधी थोडा हिशेब करावा लागतो.

समजा, एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत ५० गावे आहेत आणि रात्रीच्या गस्तीला एक गाडी आहे. रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांची ३६० मिनिटे होतात. त्यांतील निम्मी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात खर्ची पडली, असे धरले तर उरलेल्या १८० मिनिटांत प्रत्येक गावाच्या वाट्याला साडेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो. गाडी एकाऐवजी दोन केल्या तरी हा वेळ सात मिनिटांच्या आसपासच जातो, आणि कडीकोयंडा उचकटून कपाट रिकामे करणाऱ्याला रात्रीचा उरलेला सगळा वेळ मोकळा मिळतो. हद्दीतील वाड्यावस्त्या वेगळ्या धरल्या, तर हा हिशेब आणखी बिघडतो.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहराच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये हीच गोष्ट प्रयोगाने तपासली. शहराच्या एका भागातील १५ बीटांचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या उपविभागांचे, त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीची गस्त बंद ठेवून केवळ बोलावणे आल्यावर पोलीस पाठवले, दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट केली आणि तिसऱ्यात ती होती तशीच चालू ठेवली. तिन्ही गटांतील गुन्ह्यांच्या प्रमाणात आणि रहिवाशांना वाटणाऱ्या भीतीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. ज्वारी हुरड्यात आली असताना राखणदार नुसता बांधाबांधाने फेऱ्या मारू लागला, तर पाखरे त्याची पाठ वळलेल्या कोपऱ्यात उतरतात. माळ्यावर उभा राहून थवा कोठे बसतो ते पाहणारा आणि नेमकी तेथेच गोफण फिरवणारा राखणदार पीक वाचवतो. ठरावीक वाटेने होणारी गस्त आणि माहितीवर आधारलेली गस्त यांत याच प्रकारचा फरक आहे.

हा थवा कोठे बसतो, याविषयीही अभ्यास झाले आहेत. मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींची छाननी केली असता, निम्म्याहून अधिक बोलावणी शहरातील जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. गुन्हे सगळीकडे सारखे पसरत नाहीत, काही जागी आणि काही वेळी ते दाटून येतात. त्या जागा आणि त्या वेळा आधी कोणाला कळतात, असे विचारले तर तेथे राहणाऱ्यांना, हेच उत्तर द्यावे लागते.

२. चोरी झाली की दरोडा पडला?

बोलण्यात ‘चोरी’ आणि ‘दरोडा’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात मात्र त्यांत मोठे अंतर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, म्हणजे हलवता येणारी वस्तू, त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवणे ही चोरी होय. कुलूप तोडून, कौले उचकटून किंवा भिंत ओलांडून घरात शिरणे ही घरफोडी ठरते. दुचाकीवरून येऊन गळ्यातील सोनसाखळी ओढून नेण्याला या संहितेने प्रथमच ‘हिसकावणे’ असा स्वतंत्र गुन्हा मानले आहे. चोरी करताना मारहाण केली किंवा तात्काळ इजा करण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, आणि हीच जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की तो दरोडा ठरतो.

जत तालुक्यातील एखाद्या वस्तीवर चौघांनी कोयत्याचा धाक दाखवून दागिने नेले, अशी कल्पना केली तर ही जबरी चोरी आहे. परंतु पाचवा साथीदार रस्त्यावर गाडी सुरू ठेवून पहारा देत होता, असे निष्पन्न झाले तर हजर राहून मदत करणाराही मोजला जात असल्यामुळे तोच प्रकार दरोडा होतो आणि शिक्षा वाढते. म्हणूनच ‘नेमके किती जण होते आणि बाहेर कोणी थांबले होते का’ हा प्रश्न पोलीस फिर्यादीला पुन्हा पुन्हा विचारतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्याचा त्रास होत असला तरी तो प्रश्न अनाठायी नसतो.

याच ठिकाणी हद्दीचा प्रश्नही येतो. पुणे-बंगळूर महामार्ग खंडाळा, सातारा, कराड आणि वाळवा या तालुक्यांतून जातो, त्यामुळे कराडजवळ लुटल्या गेलेल्या प्रवाशाला वाळव्याच्या हद्दीत पोहोचल्यावरच मदत मिळण्याची शक्यता असते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर, म्हणजे ज्या गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात त्याची खबर, जवळच्या ठाण्याने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवावी, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर त्यामुळे कायद्याला धरून नाही.

३. गुन्हा जुळून येण्यासाठी काय लागते?

१९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलेला विचार समजायला सोपा आणि वापरायला फार उपयोगी आहे. गुन्हा करण्यास तयार असलेला माणूस, त्याला सोयीचे असे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी व एका वेळी जुळल्या की गुन्हा घडतो, आणि त्यांतील एक जरी काढून घेतली तरी तो बहुधा टळतो. पहिली गोष्ट रहिवाशांच्या हातात नसते. दुसरी आणि तिसरी बऱ्याच अंशी असते.

सातारा-सांगली जिल्ह्यांतील कितीतरी घरे वर्षाचे दहा-अकरा महिने बंद असतात. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतील कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरली आहेत. माण, खटाव, पाटण, जावळी येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत गिरणीत, गोदीत आणि माथाडी म्हणून राबली. गावी चांगले बांधलेले घर, त्याच्या दाराला भले मोठे कुलूप आणि शेजारी थकलेले आई-वडील किंवा तेही नाहीत, हे चित्र म्हणजे सोयीचे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव एकाच ठिकाणी. बाहेरून लावलेले ठळक कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरात करते. त्याऐवजी दाराच्या आतील बाजूस बसणारे कुलूप, शेजाऱ्याकडे दिलेली एक किल्ली आणि संध्याकाळी लागणारा दिवा यांचा उपयोग अधिक होतो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा लक्ष्यच काढून घेण्याचा मार्ग आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याने ठेवावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांत आहे, आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलांनी आपल्या आई-वडिलांची नावे त्या यादीत आहेत की नाहीत हे विचारून घेणे मुळीच अवघड नाही.

शेतातील चोरीला हाच विचार लागू पडतो. विहिरीवरची मोटार आणि केबल नेणाऱ्याला मोटार नको असते, तिच्यातले तांबे हवे असते, आणि ते तांबे भंगारात विकले जाते. मोटारीच्या सांगाड्यावर मालकाचे नाव व गट क्रमांक कोरून घेतला, केबल जमिनीत पुरली आणि भंगार घेणाऱ्याने विकणाऱ्याची नोंद ठेवली, तर तोच माल विकणे जड जाते. उन्हाळ्यातील रात्रपाळीच्या पाण्यासाठी शेतकरी मळ्यात असतोच. चोरी बहुधा तो नसतो तेव्हा होते, आणि पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक सगळ्या गावाला माहीत असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांहून अधिक असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील रॉचडेल येथील कर्कहोल्ट या वसाहतीत १९८० च्या दशकात हे ध्यानात आल्यावर तेथील घरांतले नाणी टाकून चालणारे मीटर काढण्यात आले, कारण त्यांतील रोकड हेच चोरांचे आकर्षण होते, आणि चोरी झालेल्या प्रत्येक घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना एकत्र आणून लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले. तीन वर्षांत तेथील घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. संपूर्ण वसाहतीवर पहारा बसवण्याची गरज पडली नाही. चोरी झाल्यानंतरचे काही आठवडे त्या घराच्या शेजारच्यांनी सावध राहणे हा बिनखर्चाचा उपाय असून तो आपल्याकडे फारच थोडा वापरला जातो.

४. पाटील, रामोशी आणि चोराचा माग

गावाने स्वतःची राखण करण्याची पद्धत या प्रदेशाला नवी नाही. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तिचे वर्णन आढळते. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे आणि प्रत्यक्ष राखणीचे काम रामोशी, भिल्ल अशा जमातींतील राखणदार करीत. गावातील प्रत्येक माणसाची वागणूक राखणदाराला ठाऊक असे. चोरी झाली की तो चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करी. माग ज्या गावात संपेल त्या गावाने चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. अन्यायाची शक्यता या रीतीत होतीच, कारण नुकसानभरपाई निरपराध गावाच्या माथी बसू शकत होती. तरी शेजारच्या गावची चोरी ही आपलीही बाब आहे, हे तत्त्व तिने व्यवहारात आणले होते.

पुढे काय झाले, हे या भागातील वाचकाने विसरू नये. इंग्रजी अमलात राखणीची जुनी व्यवस्था मोडली, वतने व हक्क गेले आणि पुरंदर परिसरातील उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली रामोशांनी बंड केले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी देण्यात आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्या समूहांना विमुक्त म्हटले जाऊ लागले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी आहेत. ज्यांच्या भरवशावर गावे झोपत होती, त्यांच्याच वंशजांना संशयाचा वारसा मिळाला, आणि पारधी, कैकाडी यांच्या पालांकडे चोरीनंतर पहिले बोट अजूनही दाखवले जाते. ही सवय अन्यायाची तर आहेच. शिवाय तिच्यामुळे खरा चोर निसटतो, कारण तपास पुराव्याकडे जाण्याऐवजी जातीकडे जातो.

५. आज गावात कोण असते?

पाटलाच्या जुन्या जबाबदारीचा पोलिसी भाग १८६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने कायद्यात आणला. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली, पोलीस पाटील हे पद मात्र टिकले. त्याची नेमणूक आता प्रांताधिकारी करतात, त्याला वेतन नसून मानधन असते आणि गावातील गुन्ह्यांची, अनैसर्गिक मृत्यूंची व शांततेस धोका ठरू शकणाऱ्या गोष्टींची खबर देणे हे त्याचे मुख्य काम आहे. दुसऱ्या बाजूला पोलीस ठाण्याची हद्द बीटांत विभागलेली असते आणि प्रत्येक बीटाची जबाबदारी बीट अंमलदारावर असते. ठाणे दूर असेल तेथे मध्ये एखादे दूरक्षेत्र, म्हणजे छोटी पोलीस चौकी, असते. पोलीस पाटील आणि बीट अंमलदार यांच्यात रोजचे बोलणे असेल, तर गावाची माहिती ठाण्यापर्यंत आणि ठाण्याची सूचना गावापर्यंत पोहोचते.

ग्रामसुरक्षा दल आणि ग्रामरक्षक दल ही नावे सारखी वाटतात, म्हणून त्यांची गल्लत होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब नुसार पोलीस अधीक्षक स्थापन करू शकतात ते ग्रामसुरक्षा दल जीवित आणि मालमत्तेच्या संरक्षणासाठी असते, तर ग्रामरक्षक दल हे २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात झालेल्या दुरुस्तीतून, ग्रामसभेच्या ठरावाने, अवैध दारूला आळा घालण्यासाठी स्थापन होते. यांपैकी कोणालाही चौकशीसाठी डांबून ठेवण्याचा किंवा मारण्याचा अधिकार नाही.

अलीकडे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरली जाते. नोंदणी केलेल्या माणसाने ठरलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून थोडक्यात संदेश सांगितला की तो त्याच्याच आवाजात गावातील सर्व नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. मळ्यात एकटे पडलेल्या घरासाठी ही मोठी सोय आहे. तिचा धोकाही तेवढाच मोठा आहे, कारण खोटी किंवा घाईची बातमीसुद्धा तितक्याच वेगाने जाते.

६. संशय म्हणजे माहिती नव्हे

संशय आणि माहिती यांतील फरक हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा गावात, गाडीने तीर्थयात्रेला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने त्यांना काठ्यांनी मारले. ते खरोखरच साधू असल्याचे पोलिसांच्या चौकशीत स्पष्ट झाले. ते वाचले, एवढेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेवरून जमावाने ठार मारले, आणि त्यांतील बहुतेक जण जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले; तेथेही गावात चोर फिरत असल्याच्या अफवेने लोक रात्री जागत होते. राखणीसाठी जागणारे लोकच तेथे खुनी झाले.

या सर्व ठिकाणी लोकांकडे संशय होता, माहिती नव्हती. ‘वेगळ्या भाषेत बोलणारी, अनोळखी माणसे गावात फिरत आहेत’ हे वाक्य माणसांच्या दिसण्याबद्दल सांगते. ‘पांढरी चारचाकी रात्री एक वाजता बंद घरासमोर थांबली, दोघे उतरून कुलूप पाहत होते, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अमुक आहेत, गाडी आता विट्याच्या दिशेने गेली’ हे वाक्य कृती, वेळ, जागा आणि दिशा सांगते. पहिल्या वाक्यावर जमाव धावतो. दुसऱ्यावर पोलिसांना नाकाबंदी करता येते. रहिवाशांनी स्वतःला घालून घेण्यासारखा नियम त्यामुळे एवढाच की, माणूस कोण दिसतो हे न सांगता तो काय करत होता ते सांगावे.

सामान्य नागरिकाला कोणाला पकडता येते काय? येते, परंतु फार मर्यादेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार ज्याने आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला किंवा ज्याला न्यायालयाने फरारी घोषित केले आहे, अशालाच खाजगी व्यक्ती अटक करू शकते, आणि त्याला विनाविलंब, कमाल सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. केवळ शंका आली म्हणून कोणाला खांबाला बांधणे हा बांधणाऱ्याचा गुन्हा आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा खून केला, तर त्यातील प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते.

७. विश्वास असेल तरच खबर जाते

रहिवासी माहिती देतात ती पोलिसांवर विश्वास असेल तर. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत लुटीच्या गुन्ह्यातील एका संशयित तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळण्यात आला आणि अखेर पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. अशी एक घटना शेकडो प्रामाणिक अंमलदारांचे काम कठीण करते, कारण तिच्यानंतर साक्षीदार पुढे येण्यास कचरतो आणि आपल्या मुलाची चूक सुधारावी म्हणून ठाण्यात येऊ पाहणारी आई घरीच थांबते. जमावाची मारहाण आणि कोठडीतील मारहाण या दोहोंना समाजाने एकाच मापाने मोजले पाहिजे.

बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींचेही असेच आहे. वाई-धोम प्रकरणात २००३ ते २०१६ या काळात सहा जणांचे खून केल्याचा आरोप एका तथाकथित डॉक्टरवर ठेवण्यात आला. एकाच परिसरातून माणसे एकामागून एक नाहीशी होत असताना हे धागे जोडले गेले नाहीत. २०१६ मध्ये अंगणवाडी चळवळीतील एका कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्याचा पाठपुरावा तिच्या माणसांनी नेटाने केला, तेव्हा ते जुळले. ‘गेली असेल कोठेतरी’ हे उत्तर नातेवाइकांनी स्वीकारू नये आणि ठाण्याने देऊ नये.

८. तंटा वेळीच मिटवणे

गुन्हा नेहमी बाहेरून येतो, ही समजूत अपुरी आहे. गावातील अनेक मारामाऱ्या बांध, वाट, पाण्याची पाळी आणि भावकीतील वाटणी यांवरून होतात. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती याच जाणिवेतून. गावाच्या समितीने वाद सामोपचाराने मिटवावेत आणि तंटामुक्त गावाला बक्षीस मिळावे, अशी तिची रचना होती. बांधाचे भांडण कुऱ्हाडीपर्यंत जाण्याआधी मिटले तर ते खरे गुन्हे-प्रतिबंधाचे काम आहे. स्त्रियांवरील अत्याचार आणि दलितांवरील अत्याचार मात्र कोणत्याही समितीने ‘मिटवण्याचे’ विषय नाहीत. ते पोलीस ठाण्यातच गेले पाहिजेत.

आपल्या बीटाचा अंमलदार कोण, पोलीस पाटील कोण आणि त्यांचे क्रमांक कोणते, हे प्रत्येक घरातील मोठ्यांनी आणि शाळकरी मुलांनी माहीत करून घ्यावे. तातडीची मदत हवी असेल तर ११२ या क्रमांकावर, आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० वर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी ती गोठवण्याची संधी सुरुवातीलाच असते. आणि मोबाइलवरील गटात आलेला ‘टोळी फिरतेय’ असा संदेश पुढे पाठवण्याआधी पोलीस पाटलाला एक दूरध्वनी करून तो खरा आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे.